मरीचं रान

बर्व्यांच्या कोटाच्या खिशात कायम एक बारीक दातांची पितळी फणी असे आणि डोक्यावरचे केस कायम विस्कटलेले असत. ती फणी केसांसाठी नव्हतीच, सरकीसाठी होती. चालता चालता एखादं बोंड तोडायचं, त्यातली एक सरकी कापसासकट सोडवायची, बांधावर बसून गुडघ्यावर काळ्या मखमलीचा तुकडा पसरायचा आणि त्या सरकीचा मधोमध भांग पाडायचा. दोन्ही अंगांना धागे सपाट बसले की पट्टी लावून लांबी बघायची. धागा आखूड निघाला तर झाड तिथल्या तिथं उपटायचं. लांब निघाला तरी चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. आपल्या मुलीची वेणी या माणसानं कधी घातली नसेल, पण सरकीचा भांग पाडताना त्यांची बोटं इतकी हळुवार होत, की बघणाऱ्याला फसायला व्हावं. मीही पहिले काही दिवस फसलो होतो.

युद्धाची वर्षं होती. पलूसच्या पुढं, कृष्णेपासून कोसभर आत, काळ्या रानात कापसाचं एक संशोधन केंद्र होतं. गावकरी त्याला फारम म्हणत. बर्वे तिथले मुख्य. मी साताऱ्याहून बदलून आलेला, धागा तपासणारा. झाड त्यांचं, धागा माझा, अशी वाटणी होती. धागा म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेला एकेक केस. बोंड मिटलेलं असतं तेव्हा तो आधी नुसता लांबत जातो आणि लांबी पुरी झाली की मग आतून भरायला लागतो. भरला नाही तर तो कच्चा राहतो, सुतात गाठी धरतो, रंग घेत नाही. बर्वे म्हणत, "आगाशे, धागा आधी लांबतो आणि मग भरतो. माणसं आधी भरतात, म्हणून आखूड राहतात." हे बोलताना त्यांनी माझ्या पोटाकडं पाहिलं होतं.

आमच्या भागातल्या गावरान कापसाचं दुखणं जुनं होतं. धागा आखूड, त्याचं सूत जाडंभरडं. रेशनवर मिळणारं कंट्रोलचं कापड नेसून लोकांच्या मांड्या सोलवटत होत्या, तेव्हा ते कापड नेसणाऱ्याला हे दुखणं वेगळं समजावून सांगावं लागत नसे. लांब धाग्याची झाडं आमच्याकडं होती, पण ती मर रोगाला बळी पडत. हा रोग मातीतून येतो. झाड फुलावर आलं की एका दिवसात मान टाकतं आणि खोड उभं चिरलं तर आत तपकिरी रेघ दिसते. जी झाडं मरीला पुरून उरत, त्यांचा धागा आखूड. म्हणजे रूप होतं तिथं आयुष्य नाही आणि आयुष्य होतं तिथं रूप नाही. दोन्ही एका झाडात आणायचं, याच एका कामावर बर्व्यांनी आपली सगळी नोकरी लावली होती. यापलीकडं त्यांना जगात काही नको होतं, आणि जे काही होतं त्याचीही त्यांना फारशी पर्वा नव्हती.

त्यासाठी फारमच्या उत्तर टोकाला एक तुकडा मुद्दाम आजारी ठेवलेला होता. मेलेल्या झाडांच्या काड्या तोडून दरवर्षी त्या मातीत पुरायच्या, म्हणजे रोग मुरत राहतो, आणि मग आपलं प्रत्येक नवं वाण तिथं पेरायचं. मरेल ते मरेल. कामावरच्या बाया त्याला मरीचं रान म्हणत आणि तिकडं जाताना पदर डोक्यावरून घेत. बर्वे तिथं रोज सकाळी जात. तिथं ते जवळजवळ आनंदी दिसत.

मी नवा असताना एकदा त्या रानात एक रोप भर उन्हात मलूल झालेलं दिसलं. रोगानं नव्हे, नुसत्या उन्हानं. मी हातातल्या तांब्यातलं पाणी त्याच्या बुडाशी ओतलं. बर्वे लांबून पाहत होते. आले, वाकले आणि ते रोपच नव्हे तर त्याची सगळी ओळ त्यांनी उपटून काढली. चांगली उभी, हिरवी रोपं.

"अहो, पण बाकीच्यांना मी हात लावला नव्हता," मी म्हणालो.

"कुणास ठाऊक," ते म्हणाले. "दया केलेली ओळ खोटं बोलते, आगाशे. ही उद्या जगली असती, तर झाडामुळं जगली का तुमच्या तांब्यामुळं, ते मी कुणाला विचारू?"

मला त्यांचा संताप आला, आणि ते बरोबर बोलत होते म्हणून जास्तच आला. पुढं कितीतरी वेळा असंच झालं.

त्यांना खोड चिरून बघायची इतकी सवय जडली होती की माणसांच्या बाबतीतही ते तेच करत. विट्याचा एक कारकून होता, सोनं-चांदी गाळायचा, गलाईचा घरचा धंदा सोडून नोकरीला आलेला, सभ्य, लाघवी. सगळ्यांना आवडायचा. बर्वे त्याच्यासमोरच मला म्हणाले, "वरून पानं हिरवी आहेत. चिरल्यावर कळेल." तो बिचारा पुढं वर्षभर कुणीतरी आपल्याला चिरायला येणार अशा बेतानं वावरत होता. शेवटी बदली मागून गेला. त्याच्यात काही काळं निघालं नाही, पण त्याबद्दल बर्व्यांना खंत वाटल्याचं मी पाहिलं नाही. चळवळीतली पोरं एकदा पोलिसांना चुकवत आमच्या पिकातून पळाली, तेव्हा बर्वे बांधावरून ओरडले, "सरीतून पळा, झाडावर पाय देऊ नका." मागून पोलीस आले, त्यांनाही तेच सांगितलं. देशाच्या बाबतीत त्यांचं मला कळलेलं मत एवढंच.

सुमती ही त्यांची एकुलती मुलगी. आई लहानपणीच गेली म्हणून ती सांगलीला आत्याकडं वाढली आणि तिथंच मुलींच्या शाळेत शिकवत होती. सडपातळ, शांत, बोलली की नेमकं बोलणारी. वाईच्या एका चांगल्या घरातून तिला सांगून आलं. मुलानं आधीच कुठंतरी पाहून पसंत केली होती, नुसता उपचार उरला होता. बर्व्यांच्या घरी पाचपोच सांभाळणारं कुणी नाही म्हणून आत्यांनी मलाही सांगलीला बोलावलं. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे वडील हसत हसत म्हणाले, "मग याद्या कधी करायच्या?"

बर्वे म्हणाले, "त्याआधी एक सांगायचं आहे. हिची आई क्षयानं गेली. आईची आईही क्षयानंच गेली. हिच्यात अजून काही दिसलेलं नाही. पण बियाणं दाखवून द्यावं."

सुमती कपबशा उचलायला आली होती. तिनं त्या सगळ्या उचलल्या, एकही वाजू दिली नाही, आणि आत गेली. पाहुणे साताऱ्यात एक काम आहे म्हणाले आणि उठले. मी बर्व्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, "कुणी विचारलं तरी होतं का तुम्हाला?" ते म्हणाले, "विचारलं नाही म्हणूनच सांगावं लागलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. मी शोधलं होतं.

त्यानंतर तिला सांगून आलं नाही. वाईपासून सांगलीपर्यंत असल्या बातमीला गाडी लागत नाही.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर मरीच्या रानात एक झाड जगलं. त्या ओळीतली बाकीची सगळी माना टाकून गेली आणि उत्तरेच्या बांधालगतचं हे एकटं उभं. बर्व्यांनी रोज जाऊन त्याची वाट पाहिली, म्हणजे ते मरण्याची. ते फुलावर आलं, बोंडं धरली, बोंडं उकलली. त्यांनी सरकी काढली, भांग पाडला आणि मखमलीचा तुकडा मांडीवर तसाच धरून बराच वेळ बसून राहिले. मग मला हाक मारली. धागा पट्टीच्या खुणेपुढं गेला होता. मी तो तपासला. लांब, भरलेला, मजबूत. असा धागा आमच्या मातीत मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

झाडाजवळ नंबराची खुंटी ठोकली. नाव त्यांनी दिलं नाही. बाया मात्र त्याला 'सायबाची लेक' म्हणायला लागल्या.

आता रीत अशी होती की या झाडाचं बी पुढच्या हंगामात पुन्हा मरीच्या रानात पेरायचं. आई जगली म्हणून लेकरं जगतीलच असं नसतं, ते बघायचं. बर्व्यांनी हे नव्या माणसांना किती वेळा पढवलं असेल. पण पेरणीच्या वेळी त्यांनी ते बी नदीकडच्या चांगल्या रानात टाकलं. मी विचारलं तर म्हणाले, "मूठभर बी आहे. ते मरीत घालायला मी वेडा आहे का? आधी वाढू दे." दुसऱ्या वर्षी पाऊस कमी म्हणून वाढू दे. तिसऱ्या वर्षी गिरणीला सूत काढून बघण्यापुरता कापूस हवा म्हणून वाढू दे. त्या ओळींच्या कळ्या दुपारी स्वतः दोऱ्यानं बांधायचे, मधमाशीनं परका पराग आणू नये म्हणून. बायांच्या बोटांवर त्यांचा भरवसा नव्हता. आणि एका उन्हाच्या दिवशी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, बर्वे तांब्यानं पाणी घालत होते. मला बघून त्यांनी तांब्या लपवला नाही. नुसते म्हणाले, "इथं परीक्षा नाहीये."

गिरणीनं बारीक सूत काढून दिलं. सांगलीतल्या एका कोष्ट्याकडून बर्व्यांनी त्याचं एक पांढरं शुभ्र पान विणून घेतलं, धोतरजोडीच्या अर्ध्याएवढं, आणि सुमतीकडं नेलं. मी बरोबर होतो. म्हणाले, "हात लावून बघ." तिनं हात लावला. "मऊ आहे," म्हणाली. "कोणासाठी?" बर्व्यांना प्रश्न समजला नाही. ते धाग्याच्या लांबीबद्दल सांगत राहिले आणि ती ऐकत राहिली. निघताना कापड तिथंच राहिलं.

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या हंगामात आसपासचे शेतकरी बी मागायला लागले. पुण्याहून वरिष्ठ आले, त्यांनी धागा पाहिला, पाठ थोपटली आणि विचारलं, "मरीत किती वर्षं काढली?" बर्वे खोटं बोलत नसत. म्हणाले, "एकही नाही." वरिष्ठ म्हणाले, "मग यंदा काढा, आणि पुढच्या वर्षी वाटा."

बर्व्यांनी रोगट काड्या दुप्पट पुरवून घेतल्या आणि मरीच्या रानात त्या झाडाच्या लेकरांच्या ओळी पेरल्या. शेजारी एक ओळ आखूड धाग्याच्या राकट वाणाची, तुलनेसाठी. नवरात्रापर्यंत सगळं हिरवंगार होतं. बर्वे तेवढ्या दिवसांत माझ्याशी दोनदा हसले. मग फुलं आली आणि ओळीच्या टोकाचं एक झाड वाकलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारची. आठवड्याभरात त्या ओळींत एक पान ताठ उरलं नाही. राकट वाण तेवढं मधे दांडगाईनं उभं होतं. बर्वे चाकू घेऊन एकेक खोड चिरत गेले. प्रत्येकात तीच तपकिरी रेघ. मी म्हटलं, "आता पुरे, सगळी तशीच आहेत." त्यांनी एकही झाड सोडलं नाही.

मग त्यांनी विचारू नये तो प्रश्न स्वतःला विचारला. ही मेली, तर हिची आई का जगली? ते उत्तरेच्या बांधाशी गेले. खुंटी तिथंच होती. खुरप्यानं माती उकरली, चिमटीत घेतली, वास घेतला. ती आमच्या रानाची माती नव्हतीच. नदीचा भुसभुशीत गाळ होता आणि त्यात खापराचे तुकडे. रोगट काडीचा एक कुटका नाही. त्यांनी बायांना बोलावलं.

हौसाक्का पुढं झाली. मरीचं रान मुळात तिचंच. फारमनं ते खंडानं घेतलं होतं, आणि घेतलं ते त्यात रोग होता म्हणूनच. नवरा पलटणीत, ब्रह्मदेशाकडं गेलेला, त्याची काही खबर नव्हती. ती आपल्याच रानात मजुरीला येई.

"इथं ही माती कुणी टाकली?" बर्व्यांनी विचारलं.

"म्याच की," ती म्हणाली. "घटाची माती हाय, सायेब, नदीवरनं आनल्याली. दर साली वतती. दसरा झाला की घट हलवायचा आन् माती आपल्या रानात न्यायची. ज्येच्या त्येच्या रानातच वतत्यात. रान तुमी घेतलंसा, पर मी घट कुटं वतायचा?"

"आणि रोगट काड्या?"

"तितं न्हाई पुरल्या. पोरीस्नी मीच सांगितलं व्हतं, या जाग्याला हात लावू नगासा. आवं, देवीच्या मातीत मडं कसं पुरायचं?"

तिच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती आणि आपण काय केलं याचा पत्ताही नव्हता. उलट तिला वाटत होतं की साहेबाच्या लेकीला देवीनं राखलं, हे ऐकून साहेबाला बरं वाटेल. तसं ती बोललीही. "तिनंच राखलं म्हना तुमचं झाड."

बर्व्यांनी त्या खड्ड्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस खाली बसेल. ते म्हणाले, "खण."

"काय, सायेब?"

"ही सगळी माती खणून काढ आणि ओढ्यात टाक. आणि रोगट काड्या आणून इथं पूर. तूच पूर."

हौसाक्का माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "बर्वे, दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ." ते म्हणाले, "जिनं टाकली तिला हद्द ठाऊक आहे." तिनं मातीला हात लावून तो कपाळाला लावला आणि खणायला लागली. पाटी भरायची, ओढ्यापर्यंत न्यायची, रिकामी करून आणायची. वर्षानुवर्षांची नवरात्रं होती ती. बर्वे शेवटच्या पाटीपर्यंत उभे होते. काड्या पुरून झाल्यावर तिनं खुरपं त्यांच्या पायाशी ठेवलं. "आता रान समदं तुमचं झालं," म्हणाली आणि गेली. ती पुन्हा कामावर आली नाही. पुढच्या नवरात्रात तिनं घट बसवला नाही, असं बाया सांगत होत्या.

नदीकडच्या चांगल्या रानात त्या झाडाची बाकीची लेकरं बोंडांनी लगडलेली होती. उकलायला आली होती. मी बर्व्यांना विनवलं. म्हटलं, जिथं मर नाही तिथं तरी लावू दे लोकांना, असा धागा पुन्हा व्हायचा नाही. मी माझ्या बोटांनी तपासलाय, धागा खरा आहे.

"धागा खरा आहे," बर्वे म्हणाले. "झाड खोटं आहे. आज मर नाही तिथं उद्या येईल, आणि मग तो शेतकरी कुणाचं खोड चिरेल?"

आणि त्यांनी उपटायला सुरुवात केली. बायांना हात लावू दिला नाही. बोंडं फुटून कापूस त्यांच्या कोटाला, केसांना चिकटत होता. तळहात सोलून निघाले तरी थांबले नाहीत. सगळं ढीग करून पेटवलं. ओली झाडं धुमसत राहिली आणि कापूस मात्र भसाभस जळत होता. मी बघत राहिलो आणि मला त्यांची कीव यायला हवी होती, तर आली नाही. मला त्या धाग्याची आली. आजही मला वाटतं, त्या दिवशी ते बरोबर होते. आणि आजही वाटतं, असं बरोबर असण्याला काहीतरी शिक्षा असायला हवी.

मी सांगलीला गेलो तेव्हा सुमतीला ही हकीकत सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिला मागायला एवढे लोक येत होते. बाबांनी तिचं आधीच सांगून टाकायला हवं होतं." आणि मुलींच्या वह्या तपासायला लागली.

त्यानंतर बर्वे लवकरच खचले. पोटात पाणी व्हायला लागलं, पाय सुजले, नोकरी सुटली आणि ते लेकीच्या दोन खोल्यांत सांगलीला येऊन पडले. आत्या तोवर वारल्या होत्या. त्यांना भेटायला मी एकदाच गेलो, एका रविवारी सकाळी. खाटेवर एवढासा झालेला माणूस. केस मात्र कुणीतरी नीट विंचरलेले, मधोमध भांग पाडलेला. फणी खिडकीत होती, तीच पितळी.

मला त्यांनी ओळखलं. सुमतीकडं बघून म्हणाले, "पाणी."

तिनं फुलपात्रातून पाणी पाजलं. दोन घोट. ते ओठ पुढं करून आणखी मागायला लागले. या माणसाला काही मागताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सुमतीनं फुलपात्र बाजूला घेतलं आणि माझ्याजवळची चिंधी मागितली. ती उशाशी पडली होती. मी ती उचलली आणि माझी बोटं थबकली. असल्या गोष्टीत माझी बोटं चुकत नाहीत. त्याच कापसाच्या पांढऱ्या पानाचे तिनं चौकोनी तुकडे फाडून ठेवले होते.

तिनं त्या तुकड्यानं त्यांची हनुवटी टिपली.

"आणखी," बर्वे म्हणाले.

"पुरे, बाबा," ती म्हणाली आणि फुलपात्र घेऊन आत गेली. डॉक्टरांनी पाणी कमी द्यायला सांगितलं होतं की नाही, ते मी तिला विचारलं नाही.